सगळं नवं कोरं

आमच्या प्रयोगशाळेत एखाद्याचा प्रयोग फसला आणि दोष अस्वच्छ भांड्यांचा आहे असं वाटलं, की म्हणायचे, "पॅस्को झालं." पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा म्हणायची. माझ्या शेजारच्या ओट्यावर काम करणारा टोबायस तर उठता-बसता म्हणायचा. "आज परत पॅस्को केलं मी. दोन दिवस पाण्यात." पॅस्को हे एका बाईचं आडनाव आहे हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा म्हणाला, "काय सांगतेस? मला वाटलं साबणाचं नाव असेल."

मला ते नाव तिथून काढायचं होतं. आणि ते काढताना आमच्या प्रमुखाला, प्रोफेसर थर्लबीला, दुखायला हवं होतं. कमी नाही, चांगलं दुखायला हवं होतं. दोन्ही गोष्टी मला सारख्याच हव्या होत्या, हे आधीच सांगून टाकते.

डॉ. ॲग्नेस पॅस्कोनं मला काम शिकवलं. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते, ती थर्लबीकडे संशोधक होती. छत्तीस-सदतीस वर्षांची, कायम एकच हिरवा स्वेटर, कोपरावर आम्लानं पडलेलं भोक. नोंदवही कशी लिहायची हे तिनं मला तीन वेळा फाडून शिकवलं. "हेस्टर, चंबू घेतला, एवढं नाही लिहायचं. कुठला चंबू? कुठून घेतला? कुणी धुतला? तुझ्या मरणानंतर कुणीतरी मूर्ख हे वाचणार आहे. त्याला कळलं पाहिजे." आणि दुसरा नियम, जो ती भिंतीला सांगावा तसा सारखा सांगायची : "एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

गर्व्हेस थर्लबीला त्या वेळी प्रसिद्ध होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. त्याची कीर्ती एका अभिक्रियेवर उभी होती. दोन रेणू एकमेकांना जोडायचे. जगभर त्यासाठी पॅलेडियम हा धातू लागतो, सोन्यासारखा महाग. थर्लबीच्या जोडणीला कुठलाच धातू लागत नव्हता. नुसतं तापवायचं आणि ढवळायचं. जोडलेला रेणू अतिनील दिव्याखाली निळा चमकायचा, त्यामुळे ती दाखवायलाही छान होती. दर ऑक्टोबरात नव्या विद्यार्थ्यांपुढे थर्लबी ती करून दाखवायचा. सुरुवातीला चंबू तापत ठेवायचा, पाऊण तास बोलायचा, शेवटी दिवे घालवायचे, आणि चंबू निळा. पोरं बाकं वाजवायची. पहिल्या वर्षी मीही वाजवली होती.

ॲग्नेसला स्वतःचं थोडं अनुदान मिळालं आणि ती वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत गेली. सगळं सामान नवीन घेतलं. तिथे तिनं थर्लबी जोडणी लावली. झाली नाही. परत लावली. अकरा वेळा लावली, अकराही वेळा चंबू काळोखात काळाच राहिला. सोमवारच्या बैठकीत तिनं ते फळ्यावर मांडलं. मी शेवटच्या रांगेत होते.

थर्लबीनं शांतपणे चष्मा पुसला. "अकरा वेळा, ॲग्नेस?"

"अकरा."

"म्हणजे अकरा वेळा तू घाणेरडी भांडी वापरलीस."

सगळे हसले. मीही हसले असेन. आठवत नाही, आणि आठवत नाही याचाच मला संशय येतो.

"भांडी नवी होती, गर्व्हेस. खोक्यातली."

"मग खोकी घाणेरडी असतील."

त्या डिसेंबरात विभागाची नाताळची पार्टी झाली. आमच्याकडे चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटी द्यायची पद्धत आहे; कुणी दिली हे सांगायचं नसतं. ॲग्नेसच्या पुडक्यात बाटल्या घासायचा ब्रश निघाला, लांब तारेचा, दांड्याला लाल फीत बांधलेला. कुणी दिला ते सांगायची गरजच नव्हती, कारण थर्लबी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवत होता. ॲग्नेस म्हणाली, "उपयोगी वस्तू आहे," आणि ब्रश पिशवीत ठेवून तिनं आपला नाताळचा गोड मिन्स पाय संपवला. मार्चमध्ये तिचं कंत्राट वाढलं नाही. तिनं सहा ठिकाणी अर्ज केले. थर्लबीनं शिफारसपत्रांत लिहिलं होतं की डॉ. पॅस्को कष्टाळू आहेत, मात्र काचभांड्यांच्या स्वच्छतेबाबत त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागेल. एका ठिकाणच्या माणसानं तिला ते वाचून दाखवलं, हसत. आता ती पूर्वेच्या किनाऱ्यावरच्या एका गावात शाळेत शिकवते. चौदा वर्षांच्या पोरांना मीठ आणि आम्ल.

आणि मी? मी त्याच थर्लबीकडे पीएच.डी.ला लागले. मला दुसरीकडेही जागा मिळत होती. लोक विचारतात. माझं उत्तर असं : सापाचं बीळ सोडून गेलं की साप कधी बाहेर येतो ते कळत नाही.

तीन वर्षं मी निमूट काम केलं. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण थर्लबी जोडणीवरच होतं, आणि माझ्या हातून ती दर वेळी व्हायची. याचा मला राग यायचा. ॲग्नेसचे हात माझ्यापेक्षा चांगले होते, मग तिच्या हातून का नाही?

नोंदवह्या विद्यापीठाच्या मालकीच्या असतात. माणूस जातो, वही राहते. चौथ्या वर्षाच्या जानेवारीत मी वरच्या कपाटातून ॲग्नेसची शेवटची वही काढली आणि तिनं शिकवलं होतं तशी वाचली, म्हणजे एकेक वस्तू. अकराही नोंदींत एक ओळ होती : "कांडी नवी, पांढरी, पाकिटातली." कांडी म्हणजे ढवळायची चुंबकाची कांडी. औषधाच्या कॅप्सूलएवढी, वरून पांढऱ्या प्लास्टिकचं कवच. चंबूत टाकायची, खालच्या हॉटप्लेटमधलं चुंबक फिरलं की ती फिरते. सगळ्या रसायनशास्त्रज्ञांच्या दृष्टीनं ती चमच्यासारखी. चहात साखर किती घातली ते आपण सांगतो, चमचा कुठला ते सांगत नाही.

शेवटच्या नोंदीखाली तिनं लिहिलं होतं : "उद्या : खालच्या बरणीतली कांडी घेऊन पाहणे. फक्त तेवढंच बदलायचं." पुढचं पान कोरं होतं. तारीख पाहिली. ती ओळ मार्चमधली होती, अकराव्या प्रयोगानंतर बऱ्याच दिवसांनी लिहिलेली. दुसऱ्या दिवशी तिला बोलावून सांगितलं होतं की ओटा रिकामा कर.

खालची बरणी म्हणजे आमच्या मोरीशेजारची मार्मलेडची बरणी. वापरलेल्या कांड्या सगळे तिच्यात टाकतात, त्या खालच्या भांडारातून धुऊन येतात, लागली की तिच्यातूनच घेतात. थर्लबी येण्याच्या आधीपासूनची बरणी. तिच्यातल्या कांड्या मी रोज हाताळत होते, त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. कवचावर बारीक चरे, आणि चऱ्यांत करडे-काळे डाग. धुऊन न जाणारे. या प्रयोगशाळेत वीस वर्षं लोकांनी पॅलेडियमची कामं केली होती, याच कांड्यांनी.

मी बरणी घेऊन खाली भांडारात गेले. भांडार नॉरिस ॲपलगार्थ सांभाळतात. यॉर्कशायरचे, बत्तीस वर्षं नोकरी, थर्लबीपेक्षा जुने.

"नॉरिस, मला बारा चंबू लावायचेत. सहांत नवी कांडी, सहांत बरणीतली. पण कशात कुठली हे मला कळता कामा नये."

"का गं पोरी, स्वतःवर भरवसा नाही?"

"नाही. मला उत्तर फार हवंय. ज्याला उत्तर हवं असतं त्याला ते दिसतं."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "हे बोलणं मी ऐकलंय आधी. हिरवा स्वेटर होता." मग बरणी ओढून घेतली. "चंबू मी भरतो, आकडे मी घालतो, कागद माझ्या खिशात. आणि तू त्या कोपऱ्यातल्या काळ्या कपड्यामागे बसून दिव्यानं बघ, चमक तेवढी दिसेल, कांडी नाही. चहा आणू का?"

आठ दिवस लागले. सहा चमकले, नऊ ते चौदा मिनिटांत. सहा काळे राहिले, चार तास तापवूनही. नॉरिसनी खिशातला कागद काढून माझ्या यादीशेजारी ठेवला, आणि बोटानं एकेक आकडा जुळवत खाली आले. बारापैकी बारा.

"च्यायला," ते म्हणाले. "बत्तीस वर्षं मी त्या कांड्या धुतोय."

"नीट धुतलं म्हणून ते डाग थोडेच निघणारेत."

"ते नाही. मी म्हणतोय, माझंही नाव लागायला हवं मग त्या जोडणीला."

मी एक बरणीतली कांडी विश्लेषणाला पाठवली. डागात पॅलेडियम होतं. जगात निम्म्या ठिकाणी थर्लबी जोडणी का जमते आणि निम्म्या ठिकाणी का नाही, ते कळलं. ज्यांना जमत नव्हती त्यांना इथून एकच उत्तर जायचं : भांडी घासा. आणि ती माणसं जितक्या नेटानं जुनं टाकून नवं घेत, तितकी जोडणी आणखी जमेनाशी होत असणार.

आता मी काय करायला हवं होतं हे मला माहीत आहे. थर्लबीच्या खोलीत जायचं, दार लावायचं, बारा आकडे समोर ठेवायचे. मी त्याला एक संधी दिली. साडेदहाच्या चहाला तो बिस्किट बुडवत होता, तेव्हा विचारलं, "प्रोफेसर, जोडणीत कांडी कुठली आहे यानं काही फरक पडत असेल का?"

त्यानं बिस्किट खाल्लं. मग सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाला, "अरेरे. हेस्टरला पॅस्को लागली वाटतं. घसा बघा रे कुणी हिचा."

टोबायस हसला. मी म्हटलं, "नाही, असंच आपलं," आणि कप धुवायला गेले. कप नीट धुतला.

तो खोटारडा नव्हता, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं. त्याला माहीतच नव्हतं. 'कांडी कुठली होती?' एवढा तीन शब्दांचा प्रश्न विचारून जे कळलं असतं, ते त्याला दहा वर्षं विचारावंसं वाटलं नव्हतं. खोटारड्याला मी कदाचित माफ केलं असतं.

मे महिन्यात त्याला पदक जाहीर झालं, देशातल्या सगळ्यात जुन्या पदकांपैकी एक. पदक द्यायला समितीच्या अध्यक्ष प्रोफेसर यूडोरा लँगरिश येणार होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या, उंची पाच फूटही नाही, आणि त्यांच्यासमोर चुकीचं बोललेले लोक अजून त्याच्या गोष्टी सांगतात. जुन्या सभागृहात व्याख्यान, मग जेवण. नॉरिस दर वर्षी प्रयोग मांडायचे. या वेळी त्यांच्याकडे दिवे आणि पडदा होता, म्हणून मांडणी माझ्याकडे आली. थर्लबीचा ईमेल आला. मी तो छापून ठेवला आहे :

"हेस्टर, कॅमेरा चंबूच्या अगदी जवळ असेल आणि पडदा वीस फुटांचा आहे. कृपा करून सगळं नवं कोरं वापर. चंबू, कांडी, सगळं. बरणीतली ती काळी ढेकळं मला पडद्यावर नकोत."

मी तो तीन वेळा वाचला. मग खाली जाऊन नॉरिसना दाखवला. त्यांनी कागद दूर धरून वाचला, जवळ धरून वाचला.

"हे त्यानं स्वतःहून लिहिलं?"

"मी विचारलंही नव्हतं."

"आणि तू त्याला सांगणार नाहीस."

"मी त्यांच्या सूचना पाळणार आहे. अक्षरन् अक्षर."

नॉरिसनी कागद घडी घालून मला परत दिला. मग म्हणाले, "तुझं ते तिसरं प्रकरण. तेही याच चंबूत बुडणार, कळतंय ना? सहा महिने लांबेल तुझं. आणि त्याचे मित्र सगळीकडे आहेत. नोकरीला उभं करणार नाहीत."

"कळतंय."

"बरं. मग चंबू मी उघडतो. पाकीट फोडायला साक्षीदार लागेल तुला."

व्याख्यानाच्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी खोकी फोडली, वेष्टणं तारीख घालून ठेवली. शेवटी मी बरणीतली एक कांडी निवडली, सर्वांत काळी, आणि झाकणाच्या लहान बाटलीत घालून पांढऱ्या कोटाच्या खिशात टाकली.

पाच वाजता सभागृह भरलं. लाकडी बाकं, वरपर्यंत चढत गेलेली. पुढच्या रांगेत लँगरिशबाई, काठी गुडघ्यांमध्ये; पदकाची पेटी त्यांनी सुरुवातीलाच थर्लबीच्या हातात दिली होती. माझ्यासमोर ओटा, हॉटप्लेट, चंबू, वर कॅमेरा. पडद्यावर चंबू घराएवढा दिसत होता, आणि त्यात ती कांडी फिरत होती, दुधासारखी पांढरी. सुंदर दिसत होती, हे कबूल करायला हवं.

थर्लबी छान बोलला. पाऊण तास. विज्ञानात स्वच्छतेला किती महत्त्व आहे यावर पाच मिनिटं बोलला. मग हात वर केला, "नॉरिस, दिवे प्लीज," आणि अंधार झाला. मी अतिनील दिवा लावला.

पडदा काळा.

थर्लबी हसला. "लाजतंय. मोठ्या लोकांसमोर लाजतंच." लोकही हसले. एक मिनिट गेलं. अंधारात एक मिनिट बरंच मोठं असतं. कुणीतरी खोकलं.

"हेस्टर, तापमान?"

"ऐंशी, प्रोफेसर. पन्नास मिनिटं झाली."

"असं. दिवे लावा." दिवे लागले. त्याच्या कपाळावर घाम होता, पण आवाज तोच, चहाच्या टेबलावरचा. "मित्रांनो, आमच्या प्रयोगशाळेत याला एक खास शब्द आहे. पॅस्को." आमच्या गटाची बाकं हसली. तो माझ्याकडे वळला, प्रेमळपणे. "बोल बाई. भांडी कुणी धुतली?"

मला याहून चांगलं मागता आलं नसतं.

"कुणीच नाही, प्रोफेसर. धुवायची वेळच आली नाही. सगळं नवं कोरं आहे, पाकिटातलं. तुमच्या ईमेलप्रमाणे. वेष्टणं नॉरिसकडे आहेत."

"मग कुठेतरी..."

"मी एक गोष्ट बदलून बघू? एकच."

"हेस्टर, ही वेळ नाही. आपण पुढे..."

काठी जमिनीवर आपटली. "बघू दे तिला," लँगरिशबाई म्हणाल्या. "मला जेवणाची घाई नाही. इथलं जेवण मी खाल्लेलं आहे."

मी चुंबकाच्या दांडीनं पांढरी कांडी बाहेर काढली आणि बशीत ठेवली. खिशातून बाटली काढली. वीस फुटांच्या पडद्यावर ती दिसली, चरे पडलेली, काळी, कुरूप. बाकांमधून एक आवाज आला, श्वास आत ओढल्यासारखा. खोलीत दीडशे रसायनशास्त्रज्ञ होते; त्यातल्या काहींना तेव्हाच कळलं. मी कांडी चंबूत टाकली आणि ती फिरायला लागली.

"ही आमच्या बरणीतली कांडी आहे," मी म्हटलं. "जोडणी यशस्वी झाली तेव्हा दर वेळी हिच्यासारखीच कुठलीतरी होती. चार वर्षांपूर्वी डॉ. ॲग्नेस पॅस्को यांनी ही अभिक्रिया नव्या कांड्या घेऊन अकरा वेळा केली. अकराही वेळा झाली नाही. बाराव्या वेळी त्या जुनी कांडी वापरून बघणार होत्या. त्यांच्या वहीत तसं लिहिलेलं आहे. त्यांना बारावी वेळ मिळाली नाही. ही त्यांची बारावी."

"नॉरिस, दिवे," मी म्हटलं. त्यांनी थर्लबीकडे पाहिलंही नाही.

मग वाट. नऊ ते चौदा मिनिटं, मला माहीत होतं. इतर कुणाला नाही. कुणी उठलं नाही. अंधारात कुजबुज वरच्या बाकांवरून खाली येत होती, आणि तिच्यात एक शब्द परत परत येत होता, पॅलेडियम. थर्लबी ओट्याच्या दुसऱ्या बाजूला उभा होता, मला त्याचा श्वास ऐकू येत होता. सहाव्या मिनिटाला तो हळूच म्हणाला, "हे थांबव." मी म्हटलं, "आणखी थोडा वेळ, प्रोफेसर." दहाव्या मिनिटाला माझ्या मनात आलं की ही तेरावी असेल तर? बारापैकी बारा म्हणजे तेरावी नव्हे. मी ओट्याला टेकले.

अकराव्या मिनिटाला तळाशी, कांडीच्या भोवती, निळं काहीतरी फिरायला लागलं. आधी दोरा, मग दोरे, मग सगळा चंबू. वीस फुटांचा निळा चंबू. त्याच्या उजेडात मला थर्लबीचा चेहरा दिसला.

या वेळी कुणी बाकं वाजवली नाहीत.

लँगरिशबाईंचा आवाज आला, "पॅस्को म्हणजे हीच का ती? जिच्याबद्दल मला पत्र आलं होतं, काचभांड्यांबद्दल?"

"हीच," मी म्हटलं.

"हं." काठी पुन्हा आपटली. "मी तिला घेतलं नाही." मग "गर्व्हेस, पदकाची पेटी माझ्याकडे परत द्या. समितीला जरा बोलावं लागेल."

जेवण झालं म्हणतात. मी गेले नाही. थर्लबीनं मला मागच्या जिन्यात गाठलं. टाय सैल केलेला, अचानक म्हातारा.

"तू मला सांगू शकली असतीस."

"तिनं सांगितलं होतं."

"तुझं तिसरं प्रकरणही गेलं, कळतंय ना?"

"हो."

"मग कशासाठी?"

मी जिना उतरायला लागले. मला वाटलं, विचारू दे. प्रश्न विचारायची सवय लागायला हवी.

त्याच संध्याकाळी मी ॲग्नेसला फोन केला. मागे शाळेच्या कसल्यातरी तालमीचा गोंगाट होता. मी सगळं सांगितलं. मग पहिला प्रश्न : "किती वेळा केलंस आधी?"

"सहा आणि सहा. कशात काय आहे हे मला माहीत नसताना. नॉरिसनी आकडे घातले."

"कांडीचं विश्लेषण?"

"केलं. पॅलेडियम."

"बरं केलंस." दार लावल्याचा आवाज आला, गोंगाट थांबला. ती खुर्चीत बसली असावी. "आता त्याचा चेहरा सांग. निळा उजेड पडला तेव्हाचा. आणि हेस्टर, सावकाश सांग. घाई करू नकोस."

मी सावकाश सांगितलं. दोनदा.

उन्हाळ्यात थर्लबीनं आपले लेख मागे घेतल्याचं पत्र छापून आलं. त्यात 'डॉ. ए. पॅस्को यांच्या पूर्वीच्या निरीक्षणांनुसार' अशी ओळ होती. लँगरिशबाईंनी ती घालायला लावली असं ऐकलं. ॲग्नेसला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. तिनं एक नाकारलं, दुसऱ्याला कळवते म्हणाली. माझं तिसरं प्रकरण मी पुन्हा लिहीत होते, अनुदान संपल्यानंतर, शिकवण्या करून. दोन नोकऱ्यांच्या मुलाखतींत मला विचारलं गेलं की मी 'मिळून-मिसळून वागते' का.

ऑक्टोबरात माझ्या नावानं एक लांबोडकं पार्सल आलं. आत बाटल्या घासायचा ब्रश होता, दांड्याला लाल फीत, रंग उडालेली. एकदाही न वापरलेला. चिठ्ठी होती : "त्याच्या दाराला अडकव. ॲ."

थर्लबीची खोली प्रयोगशाळेच्या आतच आहे, टोकाला. मी फीत दाराच्या मुठीला बांधत होते, तेवढ्यात दार आतून उघडलं. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग ब्रशाकडे. फीत त्यानं ओळखली. स्वतः निवडली होती ना.

"हे..."

"डॉ. पॅस्कोंकडून, प्रोफेसर. उपयोगी वस्तू आहे म्हणाल्या होत्या."

तो तसाच उभा राहिला. माझ्या मागे, मधल्या उघड्या दारापलीकडच्या मोरीपाशी, टोबायस नव्या पोरांना भांडी दाखवत होता. बरणी आता रिकामी असते, पण कुणीतरी कुठल्यातरी खणातून एक जुनी कांडी काढली होती.

"शी, ती टाकून दे," टोबायसचा आवाज आला. "दिसत नाही का, थर्लबी झालीय ती."

"काय झालीय?"

"थर्लबी. अंगावर डाग, आणि दुसऱ्याच्या जिवावर चमकायचं. सगळीकडे म्हणतात आता."

पोरं हसली. मोरीकडचं दार माझ्या पाठीशीच होतं. मी ते ओढून घेऊ शकले असते, म्हणजे थर्लबीला पुढचं ऐकू आलं नसतं.

मी ओढलं नाही.